छोट्या परफ्यूम हाऊसचे सँपल: १.५ मिलीत बाटलीचा निर्णय कसा घ्यायचा?

मंदगंध

एका छोट्या स्वतंत्र परफ्यूम हाऊसचा डिस्कव्हरी सेट मागवला आहे. एकूण बारा कुप्या, प्रत्येकी १.५ मिली. अकरा स्प्रेच्या (पाच 'ओ द परफ्यूम', सहा त्याहून दाट 'एक्स्ट्रे') आणि एक तेलातली, रोल-ऑन. यातून ५० मिलीची एकच बाटली घ्यायची आहे आणि उघडलेली बाटली ते परत घेत नाहीत. म्हणून काही प्रश्न:

१. बारा सुगंध कोणत्या क्रमाने आणि किती दिवसांत तपासावेत?
२. कागदावर बघायचं की थेट अंगावर?
३. पोस्टातून आलेली कुपी लगेच वापरावी की काही दिवस तशीच ठेवावी? याबाबत दोन्ही टोकांची मतं वाचली.
४. बाटली मागवण्याआधी हाऊसला काय काय विचारावं?

"जो आवडेल तो घ्या" हे उत्तर कृपया नको. :)

---

नाकपारखी

सगळ्यात आधी, बारा कुप्या एका बैठकीत उघडू नका. 'सगळे सारखेच वाटले' हा निकाल बहुतेक वेळा त्यातूनच निघतो.

आता हिशेब. सँपलच्या छोट्या पंपातून एका दाबात साधारण ०.०५ ते ०.०७ मिली बाहेर पडतं. म्हणजे १.५ मिलीत वीस ते तीस फवारे. पंप कोरडा असेल तर पहिले दोन-तीन दाब नुसते हवेचे किंवा अर्धवट जातात, ते ब्लॉटरवरच (वास बघायच्या कागदी पट्टीवर) घ्या. एका सुगंधाच्या सगळ्या चाचण्यांना दहा-बारा फवारे पुरतात. द्रव मुबलक आहे. आखडता हात घेऊन अर्धा फवारा मारण्यात अर्थ नाही, त्याने अंदाजच चुकतो.

ब्लॉटरची फेरी. ब्लॉटर नसतील तर बिनचकाकीच्या जाड कागदाच्या (जलरंगाचा कागद उत्तम) बोटभर रुंद पट्ट्या कापा. चकचकीत कागद द्रव शोषत नाही आणि छापील कागदाला शाईचा वास असतो. पट्टीच्या कोरड्या टोकाला नाव आणि वेळ आधी लिहा, फवारा नंतर. उलटं केलंत तर चौथ्या पट्टीपर्यंत कोणती कोणाची हे कळेनासं होतं. पाच-सहा सेंटिमीटरवरून एक फवारा, मग अर्धा मिनिट थांबा. त्याआधी नाक नेलंत तर फक्त अल्कोहोलचा झटका मिळेल. पट्टी नाकाला टेकवू नका, नाकावर ओला ठिपका लागला की पुढचे सगळे वास त्यात मिसळतात.

एका बैठकीत जास्तीत जास्त चार. क्रम हलक्याकडून जडाकडे: लिंबूवर्गीय आणि हिरवे, मग फुलांचे, मग लाकूड-मसाले, शेवटी चामडं, ऊद, धूप, प्राणिज कस्तुरीसारखे. ऊद आधी हुंगला तर त्यानंतरचं बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ) पाण्यासारखं लागतं.

प्रत्येक पट्टी चार वेळा हुंगा: एका मिनिटाने, वीस मिनिटांनी, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. पट्ट्या एकमेकींपासून लांब ठेवा, ओलं टोक टेबलाला टेकू देऊ नका. या चारपैकी सकाळचा वास सर्वांत मोलाचा. कारण पहिल्या दहा मिनिटांची लिंबू-मोसंब्याची झळाळी लिमोनीनसारख्या झटकन उडणाऱ्या रेणूंची असते. दिवसभर सोबत राहतात ते पॅचुली, व्हेटिव्हर (वाळा), लॅब्डॅनम (एक सुगंधी राळ), व्हॅनिलिन आणि कस्तुरीवर्गातले जड रेणू. सँपल घेणारा पहिल्या मिनिटावर भाळतो आणि बाटली घेतल्यावर उरलेले आठ तास सहन करतो.

म्हणून बाद करण्याचा नियम: सकाळी जी पट्टी नकोशी वाटते ती बाद. पहिल्या मिनिटात कंटाळवाणी वाटली म्हणून मात्र बाद करू नका. बारातून पाच-सहा उरायला हव्यात.

अंगावरची फेरी. दिवसाला एक, फार तर दोन (एकेका हातावर एक). जागा कोपराच्या आतली. मनगट सोयीचं, पण हात धुताना निम्मं तिथेच वाहून जातं. दोन फवारे मारा आणि आपोआप सुकू द्या. घासल्याने 'रेणू तुटतात' ही दंतकथा आहे, ते तसे तुटत नाहीत. पण घासल्याने उष्णता वाढते, थर पसरतो आणि सुरुवातीचा भाग लवकर उडतो. चाचणीत नेमकं तेच नको असतं.

कागदावर छान आणि अंगावर बिघडलेला, किंवा उलट, असं होणारच. त्वचेचं तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सियस असतं आणि वर तेल-घामही असतो. कागद खोलीइतका थंड आणि कोरडा. त्यामुळे कागदावर सगळं हळू उलगडतं. कोरड्या त्वचेवर सुगंध लवकर विरतो. तसं असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, पण मग सगळ्या चाचण्यांत लावा.

प्रत्येक उरलेल्या सुगंधाच्या किमान तीन चाचण्या, आणि त्या सलग दिवशी नकोत. एक गरम दिवशी, एक थंड दिवशी, एक नेहमीच्या धावपळीच्या दिवशी. उकाड्यात गोड आणि अंबर प्रकार अंगावर येतात, थंडीत लिंबूवर्गीय जवळजवळ गायब होतात. सगळं मिळून पाच-सहा आठवडे धरा.

आणि नोंदी करताना हाऊसच्या वेबसाइटवरची नोट्सची (सुगंधात कोणते वास आहेत त्याची) यादी आधी वाचू नका. 'केशर' वाचलं की नाक केशर शोधायला लागतं आणि सापडतंही!

---

कुपीबहाद्दर

वरच्या प्रतिसादाशी सहमत. त्यात कुपीचा मुद्दा राहिला आहे, तो जोडतो.

सँपलचा पंप आणि बाटलीचा पंप सारखा नसतो. मोठ्या बाटलीच्या पंपातून एका दाबात साधारण ०.१ मिली किंवा त्याहून जास्त निघतं, म्हणजे सँपलच्या दीड-दोन फवाऱ्यांइतकं. सँपलचे दोन फवारे मारून 'मंद आहे, ऑफिसला चालेल' असं ठरवलं आणि बाटलीचेही दोनच मारले, तर खोली भरून जाते. शेवटच्या चाचणीत बाटलीचा हिशेब धरून सँपलचे तीन-चार फवारे एकदम मारून बघा. उग्र प्रकारांचं खरं रूप तेव्हाच कळतं.

काडीवाल्या कुपीत (झाकणाला बारीक दांडी असते ती) याच्या उलट घडतं. काडीने लागतं ते एका फवाऱ्याचा काही अंशच. त्यात सुरुवातीचा भाग जाणवत नाही आणि सगळं मवाळ वाटतं. तशी कुपी आली तर द्रव रिकाम्या छोट्या स्प्रे-कुपीत ओता, पण कुपी कोरी हवी. वापरलेला पंप कितीही धुवा, प्लास्टिकच्या नळीत आणि रबरी वॉशरमध्ये जुना वास मुरलेला असतो.

पाकीट आल्यावर करायच्या गोष्टी:

सगळ्या कुप्या शेजारी-शेजारी उभ्या करून पातळी बघा. एखादी उरलेल्यांपेक्षा स्पष्ट कमी असेल तर फोटो काढून त्याच दिवशी हाऊसला कळवा. बहुतेक छोटी हाऊस बदली कुपी देतात, पण आठवड्याने कळवलं तर गळती की वापर हे त्यांना कसं समजणार? गळतीचं कारण बहुधा सैल पंप किंवा प्रवासातला हवेच्या दाबाचा फरक.

गळलेल्या कुपीवरून सुगंधाबद्दल मत बनवू नका. आधी अल्कोहोल आणि हलके रेणू उडतात, मागे राहतं ते घट्ट, गडद आणि तळाच्या वासाने भरलेलं. ते मूळ सूत्र राहत नाही.

परफ्यूम ज्वलनशील मालात मोडतं (वाहतुकीतला क्रमांक यूएन १२६६, वर्ग ३). विमानाने पाठवण्यावर बरीच बंधनं आहेत, काही टपालसेवा ते घेतच नाहीत. त्यामुळे छोट्या हाऊसचं पाकीट जमिनीच्या मार्गाने रेंगाळत येऊ शकतं. उन्हात तापलेल्या डब्यात दोन आठवडे पडलेल्या पाकिटाची शक्यता धरूनच चला.

साठवण: उभं, अंधारात, १५ ते २० अंशांच्या आसपास, बाथरूममध्ये अजिबात नाही. पंपाच्या सांध्यावर नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉनची पट्टी दोन वेढे ताणून लावली की बाष्पीभवन बरंच कमी होतं. अर्ध्याहून रिकामी कुपी फार काळ ठेवू नका. आत हवा जास्त, द्रव कमी, आणि लिंबूवर्गीय घटक हवेने लवकर खराब होतात. तेलातलं रोल-ऑन वेगळं: अल्कोहोल उडण्याचा प्रश्न नाही, पण गोळी प्रत्येक वेळी त्वचेचं तेल आणि मळ आत नेते. रोल-ऑन थेट अंगावर फिरवण्याऐवजी गोळीला स्वच्छ कापसाची काडी लावा आणि काडीने टेकवा.

---

मंदगंध

दोघांचेही आभार. दोन उपप्रश्न. नाक थकलं तर कॉफीच्या बिया हुंगायच्या का? आणि एक्स्ट्रे म्हणजे ओ द परफ्यूमपेक्षा जास्त टिकणारं, हे गृहीत धरावं का?

---

रसायनरंगारी

कॉफीचं: नको. २०११ साली बेलॉइट कॉलेजच्या संशोधकांनी हे तपासलं होतं. कॉफी, लिंबू आणि साधी हवा यांत फरक आढळला नाही. कॉफी हाही शेवटी एक दणकट वासच आहे. बाहेर जाऊन दहा मिनिटं मोकळी हवा घ्या, किंवा स्वतःच्या बाहीचा, जिथे काही लावलेलं नाही तिथला वास घ्या.

पण 'थकवा' आणि 'वासच न येणं' यात गल्लत करू नका. अर्ध्या तासात सुगंध गेल्यासारखा वाटतो आणि शेजारच्याला मात्र येत असतो, तेव्हा नाक त्या वासाला सरावलेलं असतं. दुसरा प्रकार जन्मजात: काही माणसांना काही कस्तुरीवर्गातले रेणू (गॅलॅक्सोलाइड वगैरे) मुळातच कमी येतात किंवा येतच नाहीत. व्हायोलेटच्या फुलासारखा वास देणाऱ्या बीटा-आयोनोनचं तर गंधग्राहकाच्या एका जनुकावर (ओआर५ए१) अवलंबून आहे. काहींना तो फुलासारखा लागतो, काहींना आंबटसर आणि अप्रिय. आयसो ई सुपर (लाकडासारखा वास देणारा कृत्रिम रेणू) तर कधी जाणवतो, कधी नाही. त्यामुळे 'हे टिकतच नाही' असं लिहिण्याआधी तीन तासांनी घरातल्या कोणाला तरी विचारा. विचारताना 'वास येतोय का?' असं नको, 'कोणत्या हाताला वास आहे?' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणसं भिडेखातर हो म्हणतात.

एक्स्ट्रेचं: गृहीत धरू नका. ढोबळमानाने ओ द परफ्यूम १५-२० टक्के आणि एक्स्ट्रे २० ते ४० टक्के सुगंधी द्रव्य असं मानतात, पण या नावांना कायद्याचं बंधन नाही. आणि टक्का म्हणजे टिकाऊपणा नव्हे. तीस टक्के लिंबूवर्गीय एक्स्ट्रे दहा टक्के पॅचुलीच्या आधी संपेल. शिवाय एक्स्ट्रेत अल्कोहोल कमी, त्यामुळे तो अनेकदा कमी पसरतो आणि अंगाला धरून राहतो. ज्यांना दरवळ हवा आहे ते एक्स्ट्रे घेऊन निराश होतात. तेलातलं तर त्याहून शांत.

आता तुमचा तिसरा प्रश्न, ज्यावर मतं टोकाची आहेत.

'कुपी आली की महिनाभर कपाटात मुरवत ठेवा' हे सरसकट खरं नाही. मोठ्या कंपन्यांमध्ये अर्क मुरवणं, अल्कोहोलमध्ये मिसळल्यावर पुन्हा ठेवणं, थंड करून गाळणं हे सगळं बाटलीत भरण्याआधीच झालेलं असतं. छोट्या हाऊसमध्ये मात्र मागणी आली की भरणं चालतं आणि बॅच (एका वेळी मिसळलेला माल) कधीकधी मोजक्या बाटल्यांचीच असते. ती आठवड्यापूर्वीच मिसळलेली असेल तर सुरुवातीला अल्कोहोल बोचरं लागतं, घटक सुटे-सुटे जाणवतात, आणि पुढच्या दोन ते सहा आठवड्यांत ते जुळून येतात. म्हणून सल्ला दोन ओळींत: बॅच कधी मिसळली हे हाऊसला विचारा. दोन महिन्यांहून जुनी असेल तर पाकिटातून काढून एक-दोन दिवस खोलीत स्थिर ठेवणं पुरे, ताजी असेल तर एक चाचणी लगेच आणि एक महिन्याने करा.

मुरल्याने वाईट सूत्र चांगलं होत नाही, हेही लक्षात असू द्या.

गढूळपणा किंवा तळाला बारीक कण दिसले तर घाबरू नका. नैसर्गिक ॲबसोल्यूट (फुलापानांचा घट्ट अर्क) आणि राळेतलं मेण थंडीत बाहेर येतं, आणि छोटी हाऊस गाळणी तितकी कडक करत नाहीत. खोलीच्या तापमानाला आणून कुपी हलकेच उलटी-सुलटी करा. रंग गडद होणं हेही बहुधा व्हॅनिलिनमुळे. संत्रा-पिवळा होत असेल तर मिथाइल ॲन्थ्रॅनिलेट आणि अल्डिहाइड या सुगंधी घटकांची आपसातली अभिक्रिया. वास बदलला नसेल तर माल ठीक. पण असा गडद द्रव रेशमावर किंवा पांढऱ्या कपड्यावर मारू नका, डाग जात नाही.

---

पॅचटेस्ट

सुगंधाबद्दल वर सगळं आलंय, त्वचेबद्दल कोणीच बोललं नाही.

बारा नवे सुगंध एकापाठोपाठ अंगावर लावणं म्हणजे ॲलर्जीला आमंत्रण देण्याची चांगली संधी, आणि पुरळ उठलं तर नेमकं कशाने हे शोधता येत नाही. संपर्काने येणारी ॲलर्जी उशिरा उमटते, साधारण एक ते तीन दिवसांनी. म्हणून आज अ, उद्या ब, परवा क असं केलंत आणि परवा खाज आली, तर दोष कोणाचा? अंगावरच्या फेरीत दोन नव्या सुगंधांमध्ये किमान दोन दिवस सोडा आणि हात आलटून-पालटून वापरा. नाकपारखी यांचा 'दिवसाला दोन' हा सल्ला पहिल्यांदाच अंगावर लावताना नको, दुसऱ्या-तिसऱ्या चाचणीला चालेल. त्वचा आधीपासून नाजूक असेल तर अंतिम निवडीचा सुगंध कोपराच्या आत त्याच जागी रोज दोनदा, सात दिवस लावून बघा. पुरळ असेल तर थांबा आणि त्वचारोगतज्ज्ञाला घटकांची यादी दाखवा.

'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणजे सौम्य, हा समज सोडा. ओकमॉस (ओकच्या झाडावरचं दगडफूल), दालचिनीचं तेल, जुनं झालेलं लिंबूवर्गीय तेल हे सगळं नैसर्गिकच. थंड दाबाने काढलेल्या बर्गमॉटच्या तेलात बर्गॅप्टीन असतं. ते लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग राहतात. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात त्या तेलाची इफ्राने (सुगंध-उद्योगाच्या संघटनेने) घातलेली मर्यादा ०.४ टक्के आहे. बर्गॅप्टीन काढलेलं तेलही मिळतं. हाऊस पूर्ण नैसर्गिक असेल तर यातलं कोणतं वापरतात हे विचारण्यात संकोच नको.

इफ्रा उद्योगाचीच (स्थापना १९७३), तिची मानकं म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघात विकणाऱ्याला मात्र प्रत्येक सूत्राचा सुरक्षा अहवाल आणि ठरावीक ॲलर्जीकारक घटकांची नावं लेबलवर देणं बंधनकारक आहे. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात हा उंबरठा ०.००१ टक्के, त्याहून जास्त असेल तर नाव द्यायचं. कुपीवर जागा नसते, पण यादी मागितल्यावर मिळायलाच हवी. 'आमचं गुपित आहे' हे उत्तर सूत्राबाबत ठीक, ॲलर्जीच्या यादीबाबत नाही. असं उत्तर आलं तर मी तरी ते नाव यादीतून खोडेन.

---

रसायनरंगारी

+१. चौथ्या प्रश्नाची सुरुवात झालीच आहे तर बाकीचं इथेच लिहितो. हाऊसला पाठवायचा मजकूर छोटा ठेवा, मालक-परफ्यूमर एकच माणूस असतो आणि कुप्याही तोच भरतो.

सँपल ज्या बॅचमधलं आहे त्याच बॅचमधली बाटली मिळेल का, हा पहिला प्रश्न. नैसर्गिक गुलाब, व्हेटिव्हर, चंदन यांचा वास पिकाप्रमाणे बदलतो. मोठ्या कंपन्या अनेक पिकं एकत्र करून तो समतोल राखतात, छोट्यांना ते परवडत नाही. बॅच वेगळी असेल तर नव्या बॅचचं एक सँपल मागा.

सूत्र अलीकडे बदललं आहे का, हा दुसरा. लिलियल नावाचा लिली ऑफ द व्हॅलीचा आभास देणारा घटक युरोपीय संघात १ मार्च २०२२ पासून बंद झाला. त्या फुलाचा वापरण्याजोगा नैसर्गिक अर्क मिळत नाही, सगळा खेळ रसायनांचा, त्यामुळे अशा फुलांच्या सुगंधांची सूत्रं नव्याने बांधावी लागली. कोणाकडून अदलाबदलीत आलेलं जुनं सँपल आणि आजची बाटली म्हणून वेगळी लागू शकते.

मग व्यवहाराचं: सेटची रक्कम बाटलीतून वजा होते का, किती दिवसांत घ्यावी लागते, १० मिलीची मधली बाटली आहे का. असेल तर ५० मिलीवर उडी घेऊच नका.

वेबसाइटवरच्या नोट्सबद्दल विचारू नका, वेळ वाया. 'अंबर' नावाचा एकच घटक नसतो, लॅब्डॅनम-बेंझॉइन-व्हॅनिलाची ती जुळणी असते. 'ऊद' लिहिलं म्हणून ऊदाचं तेल असतंच असं नाही.

---

मंदगंध

पॅचटेस्ट यांच्या अंतराने मोजलं तर सहा सुगंधांची अंगावरची पहिलीच फेरी अडीच आठवडे घेईल. सेटची रक्कम वजा करण्याची मुदत तीस दिवसांची आहे. मग काय आधी करावं?

---

नाकपारखी

ब्लॉटरची फेरी तीन दिवसांत उरकते (चार-चार-चार, चौथ्या सकाळी शेवटचा निकाल). त्यानंतर सहाऐवजी फक्त तीनच अंगावर न्या, म्हणजे नऊ दिवस. उरलेल्या दिवसांत त्या तिघांच्या दुसऱ्या-तिसऱ्या चाचण्या. दोन सुगंध अटीतटीचे राहिले तर घरातल्या कोणाकडून पट्ट्यांवर फक्त 'अ' आणि 'ब' लिहून घ्या आणि नाव न बघता तीन वेगवेगळ्या दिवशी निवडा. तिन्ही वेळा एकच निघाला तर मागवा. एकदा अ, दोनदा ब असं झालं तर मुदत जाऊ द्या. आणि मुदत वाढवून मिळेल का हे आजच विचारून ठेवा, एकट्या माणसाचं हाऊस असेल तर बहुधा हो म्हणतील.

---

कुपीबहाद्दर

बाद झालेल्या कुप्या फेकू नका. नाव आणि तारीख लिहून, टेफ्लॉन लावून डब्यात उभ्या ठेवा. तीन महिन्यांनी, वेगळ्या हवेत, पुन्हा ब्लॉटरवर एकेक फवारा. उन्हाळ्यात बाद झालेला अंबर थंडीत पहिल्या तिघांत येऊ शकतो.